तालीम, कॉलेज आणि एक गहाण घर

गेल्या दिवाळीत मुलांनी केलेले किल्ले पाहायला मी नेहमीप्रमाणे गल्लोगल्ली हिंडत होतो. शाळेतला चित्रकलेचा मास्तर म्हणून हे काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडते, आणि खरे सांगायचे तर मला ते मनापासून आवडते. एका अंगणात असाच एक किल्ला होता. बुरूज वाकडे, तट एका बाजूने खचलेला, हळीव मात्र छान उगवलेले. पण मजा वेगळीच होती. किल्ल्याच्या पायथ्याशी पोराने एक वाटोळा खळगा केला होता, त्यात लाल माती चाळून घातली होती, आणि मधोमध चिखलाचे दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून वाकलेले होते. भोवती आगकाड्यांचे प्रेक्षक.

"हे काय रे?" मी विचारले.

"खासबाग."

"अरे, शिवाजीमहाराजांच्या वेळी खासबाग कुठली आली?"

"मग काय झालं? महाराज वर बसून बघत्यात की, सर."

मी हसलो. तेवढ्यात पोराचा बाप बाहेर आला. त्याने पाट मांडला, फराळाचे ताट पुढे ठेवले, आणि मी चकलीचा तुकडा मोडतो न मोडतो तोच म्हणाला, "सर, ह्येचं काय करू ते तुम्हीच सांगा. नववीला हाय. वस्ताद म्हणत्यात, कोल्हापूरला तालमीत आणून सोडा. ह्याची आई म्हणती, शिकू द्या. तालमीला घालू का कॉलेजला?"

मला उत्तर देता आले नाही. "विचार करून सांगतो," असे म्हणून मी उठलो.

उत्तर देता आले नाही याला कारण आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका बापाने हाच प्रश्न मला विचारला होता, आणि त्या वेळी मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले होते, "तालमीत घाला. असलं अंग देवानं उगाच दिलेलं नाही." मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. चित्रकलेचा डिप्लोमा केला, मास्तर झालो, चार कादंबऱ्या लिहिल्या. कॉलेजवाचून माझे काही अडले नाही, ही माझी घमेंड होती. त्या घमेंडीचा भुर्दंड त्या मुलाने भरला. त्याने दहावी अर्धवट टाकली. चार वर्षे जत्रा-यात्रांतून चांगल्या कुस्त्या केल्या, नाव झाले, फेटे मिळाले. पाचव्या वर्षी गुडघा फिरला. आज तो रात्री एका इमारतीच्या दारात खुर्ची टाकून बसतो. भेटला की वाकून नमस्कार करतो, "बरं चाललंय, सर," म्हणतो. एका शब्दाने त्याने मला दोष दिलेला नाही, आणि तेच मला जास्त लागते.

तेव्हापासून हा प्रश्न मी इतिहासाला विचारत आलो आहे. तालीम आणि कॉलेज यांचे वैर खरोखरच आहे काय? की ते आपण लावून दिले?

१

कुस्तीचा इतिहास म्हटले की आपल्याकडे गाडी कोल्हापूरला थांबल्याशिवाय पुढे जात नाही. राजर्षी शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले आणि १९२२ साली गेले. या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी मल्लविद्येला जो आश्रय दिला तो सर्वांना ठाऊक आहे. १९०२ साली ते विलायतेला गेले, त्या प्रवासात रोमचे जुने क्रीडांगण त्यांच्या नजरेत भरले, आणि पुढे १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. आखाडा मधोमध आणि प्रेक्षक चहूबाजूंनी उतारावर. त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाची पाठ मातीला लागली की नाही ते दिसावे, अशी ती रचना. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींची नावे आजही नवा पोरगा देवळात शिरल्यासारखी हळू आवाजात घेतो.

परंतु शाहू महाराजांचे हे अर्धेच चित्र झाले. ज्या राजाने आखाडे बांधले त्याच राजाने १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले, त्यामागून एकेका जातीसाठी वसतिगृहे उभी केली, आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा आपल्या संस्थानात आणला. शरीराला एक घर आणि बुद्धीला दुसरे, आणि दोघांच्या मध्ये भिंत, असे त्यांच्या मनात कुठे दिसत नाही. खेड्यातून आलेल्या मुलाला दोन्ही दारे उघडी असावीत एवढाच त्यांचा हिशेब असावा. भिंत मागाहून आपण घातली. 'पैलवानाची अक्कल गुडघ्यात' ही म्हण आपल्या तोंडी सहज येते. ज्याचा गुडघाच गेला त्याला ती कशी लागत असेल, याचा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता.

राजाराम कॉलेज हे त्या कोल्हापुरातले. १८८० सालचे. इटलीत फ्लॉरेन्स येथे १८७० साली ज्यांना ऐन तारुण्यात मृत्यू आला, त्या राजाराम महाराजांचे नाव त्याला आहे. दक्षिण महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्या येथे शिकल्या. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली निघाले. सुरुवातीला हे कॉलेज मुंबई विद्यापीठाचे होते. या कॉलेजच्या एका विद्यार्थ्याने माझ्या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे.

२

कऱ्हाडजवळचे गोळेश्वर हे लहानसे गाव. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील पैलवान. घरातच आखाड्याचे वातावरण. पोराला पहिला धडा बापानेच दिला. पण त्याच घरातून हा मुलगा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातही जात होता. सकाळी माती, दुपारी पाटी. मॅट्रिक झाल्यावर तो कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आला.

खाशाबांचे शरीर डोळ्यांत भरणारे नव्हते. उंची बेताची, अंग सडपातळ. पैलवान म्हटला की मानेला घड्या, कान चिरडलेले, छाती दारात न मावणारी अशी आपली कल्पना. कॉलेजच्या वार्षिक क्रीडामहोत्सवात कुस्तीसाठी नाव द्यायला हा विद्यार्थी गेला तेव्हा त्याच्या अंगलटीकडे पाहून नाव घ्यायला नकार मिळाला, अशी हकीकत सांगतात. तो थेट प्राचार्यांकडे गेला. प्राचार्यांनी परवानगी दिली, आणि त्याने आपल्यापेक्षा थोराड गडी एकामागून एक चीत केले.

या हकीकतीतला प्राचार्य मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याला कुस्तीतले डाव कळत होते की नाही, हा प्रश्न निराळा. एक विद्यार्थी दारात येऊन "मला संधी द्या" म्हणतो, आणि तो ती देतो. शिक्षकाचे काम म्हणतात ते याहून फार मोठे नसते, आणि याहून सोपेही नसते.

१९४८ साली खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले. खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तेथे त्यांच्यापुढे माती नव्हती, गादी होती. ज्याचे पाय जन्मापासून मातीत रुतायला शिकले त्याला गादीवर उभे करणे म्हणजे नदीत पोहणाऱ्याला समुद्रात सोडण्यासारखे. मातीतल्या कुस्तीत पाठ टेकेपर्यंत झुंजायचे. धीर आणि दम यांचा तो खेळ. गादीवर घड्याळ असते, नियमांचे पुस्तक असते, आणि पाठ टेकली नाही तरी पंच निकाल देतात. त्या वेळी रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना हे तंत्र शिकवले. खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला हरवले, अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवले, आणि इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले. फ्लायवेट गटात त्यांचा सहावा क्रमांक आला. गादीची नीटशी ओळखही नसताना जगात सहावा!

३

आता इतिहासातली एक तारीख ध्यानात घेतली पाहिजे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु राजा गेला तेव्हा राजाची थैलीही गेली. लंडनला जाताना जो आश्रय होता तो हेलसिंकीला जाताना उरला नव्हता, आणि त्या जागी नवे सरकार अजून नीटसे येऊन बसले नव्हते. तालमीच्या खुराकाला, वस्तादाच्या पगाराला, पैलवानाच्या प्रवासाला आता कोणाकडे हात पसरायचा? १९४८ आणि १९५२ या दोन ऑलिंपिकांच्या मधली ही पोकळी आहे. ती भरून काढली एका शिक्षकाने.

१९५२ सालच्या निवडीतही अडथळे आले. मद्रासच्या स्पर्धेत आपल्याला अन्यायाने मागे ठेवले, अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली, ती जिंकली, आणि संघात जागा मिळवली. मग प्रश्न पैशाचा. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. तरी पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

हे वाक्य मी शाळेत दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी मुले विचारतात, "सर, त्यांच्या बायकोनं काय म्हटलं असेल?" इतिहासाच्या पुस्तकात याचे उत्तर नाही, पण प्रश्न मोठा खरा आहे. घर गहाण टाकणे हा काही एकट्याचा पराक्रम नसतो. त्या घरात चूल असते.

हेलसिंकीला खाशाबा बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोच्या आत खेळले. कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो, जर्मनीचा श्मिट्झ यांना त्यांनी हरवले. पुढे जपानचा शोहाची इशी याच्याशी त्यांची झुंज फार वेळ चालली आणि ती ते हरले. लगेच सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोव्हपुढे त्यांना उभे केले गेले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळणे हा त्यांचा हक्क होता, पण तो मागायला त्या क्षणी भारताचा अधिकारी तेथे हजर नव्हता, असे वारंवार लिहिले गेले आहे. थकलेले खाशाबा ती कुस्तीही हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य, आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताला मिळालेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

ते परत आले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाच्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले म्हणतात. पण मिरवणुकीपेक्षा मला त्यानंतरची गोष्ट मोठी वाटते. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले, आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. गुरूने घर गहाण टाकले, शिष्याने ते सोडवले. माझ्या मते या पदकाचा हिशेब हेलसिंकीत संपला नव्हता. तो त्या दिवशी कोल्हापुरात संपला.

पुढे १९५५ साली ते पोलिसात फौजदार झाले, आणि नोकरीत चढत असिस्टंट कमिशनरच्या हुद्द्यापर्यंत गेले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. त्याबद्दल आपण हळहळतो आणि ते योग्यच आहे. पण मास्तर म्हणून माझे लक्ष दुसरीकडे जाते. गादी सुटली तेव्हा या माणसाला उभे राहायला दुसरी जमीन होती. ती शिक्षणाने दिली होती. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी ती मिळू दिली नाही.

४

कोणी म्हणेल, एका खाशाबावरून नियम कसा काढता? तो प्रश्न रास्त आहे. म्हणून जिथे कॉलेज हेच कुस्तीचे घर आहे अशा देशाकडे थोडे पाहू.

अमेरिकेत आपल्यासारख्या तालमी नाहीत. तिथली कुस्ती शाळा-कॉलेजांत वाढली. १९०५ साली पूर्वेकडच्या काही कॉलेजांनी आपसांत स्पर्धा सुरू केली, आणि १९२८ साली आयोवा राज्यातल्या एम्स गावी साऱ्या राष्ट्रातल्या कॉलेजांची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिचा मोठा नायक म्हणजे ओक्लाहोमाच्या शेतकी कॉलेजचा एड गॅलघर. हा गृहस्थ स्वतः पैलवान नव्हता. धावणारा आणि फुटबॉल खेळणारा होता, आणि शिकला होता इंजिनिअरिंग. तरफ कशी चालते, भार कुठे पडतो, टेकू काढला की वस्तू कशी कोसळते, हे त्याने माणसाच्या शरीराला लावून पाहिले. १९१६ पासून १९४० साली मृत्यू येईपर्यंत त्याने मुले शिकवली आणि आपल्या कॉलेजला अकरा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले.

आपल्या वस्तादाला हे सांगितले तर तो म्हणेल, "त्यात नवल काय? धोबीपछाड मारताना कंबर कुठं घालायची ते आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे." खरेच आहे. खाशाबांचा 'ढाक' हा काही त्यांना गादीने शिकवला नव्हता, तो मातीतलाच. फरक एवढाच की वस्तादाचे ज्ञान त्याच्या हातांत असते आणि त्याच्याबरोबर जाते. गॅलघरचे ज्ञान कॉलेजात राहिले, दुसऱ्याने ते उचलले, तिसऱ्याने वाढवले.

तिथला डॅन गेबल पाहा. शाळा आणि कॉलेज मिळून १८१ कुस्त्या जिंकल्यावर १९७० साली कॉलेजातली शेवटची कुस्ती तो लॅरी ओविंग्जकडून हरला. त्याची ती एकच हार. दोन वर्षांनी म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये त्याने एकही गुण न देता सुवर्णपदक घेतले, आणि मग आयोवा विद्यापीठात प्रशिक्षक होऊन एकवीस वर्षांत पंधरा वेळा आपल्या मुलांना अजिंक्य केले. हरल्यावर त्याला कोणी रस्त्यावर सोडला नाही. कॉलेजच्या व्यवस्थेने त्याला पुन्हा उभे राहायला जागा दिली. शिवाय तिथल्या विद्यार्थ्याला अभ्यासात ठरावीक पातळी राखावीच लागते. मागे पडला तर गादीवर उतरता येत नाही.

तथापि तिकडचे सगळेच गोड आहे असे समजू नये. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तीन कॉलेजकुमार कुस्तीसाठी झटपट वजन उतरवण्याच्या नादात मरण पावले. अंगातले पाणी घामावाटे काढायचे, उपाशी राहायचे, आणि काट्यावर उभे राहायचे, हा तो प्रकार. तीन तरुण गेल्यावर नियम बदलले. कॉलेजांना पैसे कमी पडू लागले तेव्हा कित्येकांनी कुस्तीच बंद केली. चढाओढ हाती लगाम न ठेवता सोडली की ती कॉलेजातही मुलांना तुडवते, तालमीतही तुडवते.

आणि एक गोष्ट. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या कॉलेज-क्रीडा संघटनेने मुलींच्या कुस्तीला स्वतंत्र अजिंक्यपदाचा दर्जा दिला. आपल्याकडेही २०१६ साली रिओत साक्षी मलिकने कांस्यपदक घेतले, आणि मार्च २०२३ मध्ये सांगलीला महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा झाली. ती प्रतीक्षा बागडीने जिंकली. या खेळाची वाढ कुठून होणार आहे, हे मला विचाराल तर मी मुलींच्या वर्गाकडे बोट दाखवीन.

५

खाशाबांनंतर आपले काय झाले? कुस्ती संपली नाही. १९५३ साली मामासाहेब मोहोळांनी कुस्तीगीर परिषद स्थापली, १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची स्पर्धा सुरू झाली. श्रीपती खंचनाळे, गणपत आंदळकर, मारुती माने ही नावे घराघरांत गेली. आंदळकर आणि माने यांनी १९६२ साली जकार्त्याच्या आशियाई खेळांतून पदके आणली. राजाची थैली गेली होती तिथे पुढे सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन दिले. तरीही कुस्तीतले दुसरे ऑलिंपिक पदक भारताला मिळायला २००८ साल उजाडावे लागले. बीजिंगला ते सुशील कुमारने आणले, म्हणजे छप्पन वर्षांनी. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला पुन्हा वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते २०२४ साली पॅरिसला, बहात्तर वर्षांनी. तेही कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेला, नेमबाजीत.

असे का झाले याची माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन कारणे आहेत.

पहिले कारण माती आणि गादी यांचे. आपला पोरगा जत्रेच्या फडावर वाढतो. इनामाची रक्कम त्याच्या खुराकाला लागते. बदाम, दूध आणि तूप काही फुकट येत नाही. म्हणून तो मातीत लढतो, आणि ऑलिंपिकची गादी त्याला उशिरा भेटते. मातीला मी दोष देत नाही. पण पोटासाठी मातीत आणि पदकासाठी गादीवर अशी ओढाताण सतरा वर्षांच्या मुलाच्या माथी मारणे बरे नव्हे.

दुसरे कारण कॉलेजांचे. विद्यापीठांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात, ढाली येतात, प्राचार्यांच्या खोलीत कपाटात मांडल्या जातात. पण ज्या मुलाने ढाल आणली तो बहुधा तालमीत घडलेला असतो. कॉलेजच्या हजेरीपटावर त्याचे फक्त नाव असते. त्याला सवलतीचे गुण मिळतात, पण बुडालेले तास कोणी पुन्हा शिकवीत नाही. कॉलेजला पैलवान हवा असतो; पैलवानातला विद्यार्थी नको असतो. दोघांनाही हे सोयीचे वाटते, आणि मुलगा तिशीला आला की ती सोय महाग पडते.

तिसरे कारण म्हणजे गादीच्या कडेला उभा राहणारा माणूस. हेलसिंकीला अर्धा तास मागणारा कोणी नव्हता. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगाट अंतिम कुस्तीच्या दिवशी ५० किलोच्या वर १०० ग्रॅम भरली आणि बाद झाली. दोन्ही प्रसंगांची जात वेगळी आहे, पण धडा एकच आहे. आजची स्पर्धा ग्रॅममध्ये आणि मिनिटांत मोजली जाते. वस्तादाने डाव शिकवावा. पण वजन, दुखापत, नियम, परीक्षा, पैसा हे सगळे पाहणारे दुसरे कोणीतरी लागते. खाशाबांच्या आयुष्यात ते काम थोडेफार एका प्राचार्याने केले. प्रत्येक प्राचार्याने घर गहाण टाकावे असे मी म्हणणार नाही. ज्या देशात पदकासाठी शिक्षकाचे घर गहाण पडावे लागते तिथे काहीतरी चुकलेच आहे. मी एवढेच म्हणतो की मुलगा दारात आला तर त्याचे नाव लिहून घ्यावे, आणि ते हजेरीपटावरून पुसले जाणार नाही हे पाहावे.

६

तुळशीचे लग्न झाल्यावर मी त्या बापाकडे पुन्हा गेलो. किल्ला पावसाने विरघळावा तसा अंगणात पसरला होता, पण खासबागेचा खळगा शाबूत होता. मी त्याला सगळी हकीकत सांगितली. आधी खाशाबांची, आणि मग माझ्या त्या विद्यार्थ्याचीही. नाव सांगितले नाही, पण चूक कोणाची ते सांगितले. म्हटले, "तालमीला घाला. पण ज्या तालमीच्या जवळ शाळा आहे आणि ज्या वस्तादाला पोराच्या शाळेची चौकशी करावीशी वाटते अशा ठिकाणी. बारावीपर्यंत तरी पुस्तक सुटू देऊ नका. पुढं कॉलेजात नाव घालायची वेळ आली की मी बरोबर येईन. मीही त्या निमित्ताने आत जाऊन बघीन."

तो मुलगा आता दहावीत आहे. पहाटे पाचला गावातल्याच तालमीत जातो, अकराला वर्गात येऊन बसतो, आणि तिसऱ्या तासाला हमखास पेंगतो. मी त्याला उठवत नाही. चित्रकलेच्या तासाला तेवढी मुभा असावी.

रविवारी त्याला ढाक शिकवायला एक जण येतो. गुडघ्याला पट्टा बांधलेला असतो, त्यामुळे स्वतः डाव मारीत नाही. आखाड्याच्या कडेला उभा राहून तोंडाने सांगतो, आणि पोराचा हात चुकला की खाली उतरून नीट धरून देतो. मीच त्याला विचारले होते, येशील का म्हणून. रात्रभर जागलेला असतो, तरी येतो.

बाहेरून दहावीला बसण्यासाठी १७ नंबरचा अर्ज भरावा लागतो. तोही आम्ही दोघांनी मिळून भरला आहे. फोटोत तो फार गंभीर दिसतो. भाषा आणि इतिहास मी शिकवतो. गणित मला स्वतःला येत नाही, म्हणून ते दोघे शिष्य एका पाटावर बसून शाळेतल्या गणिताच्या बाईंकडे शिकतात. या दिवाळीत बाईंनी त्यांना सुट्टी दिलेली नाही. लाडूंचे डबे घेऊन दोघेही आजच त्यांच्याकडे गेले आहेत.